पर्थचे पडलेले मंत्री आणि फुकटात मिळणारे जुने पेपर

रिव्ह्यू बिव्ह्यू लिहायची मला सवय नाही, हॉटेलवाल्यानं बिलाबरोबर क्यूआर कोड पुढं केला तरी मी आपली बडीशेप उचलतो आणि बाहेर पडतो. पण गेला दीड महिना रोज रात्री जेवण झालं की मी जी साइट उघडून बसतोय तिच्यावर मराठीत कुणी काही लिहिलंय काय म्हणून शोधलं, मला तरी सापडलं नाही, मग म्हटलं आपणच लिहूया की. साइटचं नाव ट्रोव्ह. ऑस्ट्रेलियाचं जे राष्ट्रीय ग्रंथालय आहे त्यांची ही साइट, २००९ पासून चालू आहे, तिकडचे जुने पेपर पानन् पान स्कॅन करून ठेवलेत. पैसे नाहीत, वाचायला ओटीपी नाही, ॲप टाका ॲप टाका करून मागं लागत नाही. बेळगावात चटईवर बसून १९०१ सालचा पर्थचा पेपर वाचायचा, एवढंच.

आता बेळगावच्या माणसाला पर्थच्या पेपरात काय ठेवलंय, हे आमच्या हिनं पहिल्या दिवशीच विचारलं. त्याला कारण आमचे अथणीचे साडू.

साडू रिटायर्ड मास्तर, उभं आयुष्य इलेक्शन ड्युटी केलेला माणूस, मतपेटीपासून मशीनपर्यंत सगळं बघितलेलं. त्यांच्यासमोर पोटनिवडणूक हा शब्द काढायचा नाही, काढला की २०१९ चं रामायण चालू. आपल्या जिल्ह्यातच अथणी, कागवाड आणि गोकाक अशा तीन पोटनिवडणुका एका दमात झाल्या, अख्ख्या राज्यात १५, मतदान ५ डिसेंबरला. आमदार आधी अपात्र झाले, मग कोर्ट, मग पोटनिवडणूक, आणि निवडून आलेल्यांपैकी १० जण २०२० च्या फेब्रुवारीत मंत्री. ह्याच सगळ्या गडबडीत अथणीचेच लक्ष्मण सवदी, २०१८ ला विधानसभेला हरलेले, ते २०१९ च्या ऑगस्टमध्ये कुठल्याच सभागृहाचे मेंबर नसताना मंत्री झाले, त्यातही उपमुख्यमंत्री, आणि सहा महिन्यांची मुदत संपत आली तेव्हा विधान परिषदेच्या पोटनिवडणुकीतून आत आले. साडूंचं म्हणणं असं की मंत्रिपद आणि पोटनिवडणूक ह्यांची अशी गाठ जगात दुसरीकडं कुठं बसलेली नाही, जे काही घडायचं ते आमच्या अथणीतच घडतंय.

हे चाललेलं असताना भाचीचा व्हिडिओ कॉल. भाची पर्थला नर्स आहे. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "मामा, इथं तर पूर्वी उलटं होतं. मंत्री झालं की आमदारकीच जायची."

"म्हणजे? सस्पेंड?"

"सस्पेंड नाही ओ. मंत्री केलं की जागा रिकामी धरायचे, मग परत पोटनिवडणूक लढवायची. माझ्या वॉर्डात एक आजोबा होते, त्यांनी सांगितलं मला."

साडू फोनमध्ये तोंड घालून, "असं कुठं असतंय होय. मंत्री झालेला माणूस परत मतं मागत हिंडेल काय? आमच्याकडं मंत्री झाला की गावात गाडी थांबत नाही त्याची."

भाचीनं काय वाद घातला नाही, अर्ध्या तासानं व्हॉट्सॲपवर नुसती लिंक टाकली. ती ही ट्रोव्ह.

पहिली रात्र वाया गेली हे प्रामाणिकपणे सांगतो. मी इंग्रजीत बाय-इलेक्शन एवढाच शब्द टाकला आणि रिझल्ट आले ढिगानं, कुठली गोष्ट कुठल्या गावची काही कळेना, मेंढ्यांचा बाजारभाव पण त्यातच. दुसऱ्या दिवशी भाचीनं शिकवलं की बाजूला फिल्टर असतात, त्यात आधी राज्य निवडायचं, मग साल, मग पेपरचं नाव. आणि मुख्य म्हणजे आपला आजचा शब्द टाकायचा नाही, त्या काळचा शब्द टाकायचा. तेव्हा ह्या प्रकाराला मिनिस्टीरियल इलेक्शन म्हणत होते. तो शब्द टाकला, राज्य पश्चिम ऑस्ट्रेलिया, साल १९०१, पेपर द वेस्ट ऑस्ट्रेलियन, आणि काय सांगू, दार उघडल्यासारखं झालं.

पान उघडलं की एका बाजूला पेपरचं खरं पान दिसतंय, पिवळट, बारीक टाइप, अरुंद अरुंद कॉलम, आणि दुसऱ्या बाजूला मशीननं वाचून काढलेला तोच मजकूर. झूम करत गेलं की छपाईचा खिळा जिथं जास्त दाबला गेलाय तिथं शाई फुगलेली दिसते, अक्षराचं पोट भरून गेलेलं. माझं आयुष्य डीटीपीत गेलं, त्याआधी दोन वर्षं खिळे जुळवलेत, त्यामुळं मला ते बघूनच बरं वाटलं, बातमी राहू दे बाजूला. त्या काळच्या पेपरांत पहिल्या पानावर बहुतेक जाहिरातीच, जहाजं कधी सुटणार, कुठं काय विकायचंय असलं, बातमी शोधायला आत शिरावं लागतं. एकदा ही सवय झाली की मग सोपं आहे.

आता जी गोष्ट मी वाचली ती सांगतो, कारण साइट चांगली की वाईट हे त्यावरनंच कळेल.

१९०१ साल म्हणजे पश्चिम ऑस्ट्रेलियात नुसता गोंधळ. जॉन फॉरेस्ट म्हणून एक दणकट माणूस १८९० पासून प्रीमियर, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री, तो नव्या केंद्र सरकारात गेला आणि फेब्रुवारी १९०१ ला प्रीमियरची खुर्ची सोडली. त्याच्यामागं थ्रॉसेल आले, ते मे महिन्यात गेले. मग जॉर्ज लीक. लीक नोव्हेंबरात पडले. मग २१ नोव्हेंबरला आल्फ मॉर्गन्स. एका वर्षात चार माणसं त्या खुर्चीत, आपल्या बेंगळूरला पण असले सीझन येतात म्हणा, २०१८ ला तीन दिवसांचं सरकार आपण बघितलंयच. हे मॉर्गन्स मूळचे वेल्सचे, मायनिंग इंजिनियर, कूलगार्डीचे आमदार. कूलगार्डी म्हणजे आपल्याकडं कोलार तसं तिकडचं सोन्याचं गाव.

तर मॉर्गन्सनी सहा मंत्र्यांचं मंत्रिमंडळ केलं आणि कायद्याप्रमाणं नव्या मंत्र्यांना परत मतदारांपुढं जावं लागलं. आणि त्या सहातले तीन पडले. तीन! मंत्री असताना पडले. त्यात एक फ्रँक विल्सन, पर्थ शहराच्या जागेवरून पडलेले, जे पुढं दोनदा त्याच राज्याचे प्रीमियर झाले, म्हणजे काय अगदीच हे नव्हते. पण त्या डिसेंबरात पडले. आणि २३ डिसेंबरला मॉर्गन्सचा राजीनामा, लीक परत खुर्चीत. सगळा कारभार बत्तीस दिवसांचा. आपल्याकडं नव्या मंत्र्याच्या बंगल्याला रंग द्यायला ह्यापेक्षा जास्त दिवस लागतात.

हे तुम्हाला कुठल्याही माहितीच्या पानावर चार ओळीत मिळेल. पण ट्रोव्हवर मी काय केलं, २१ नोव्हेंबरचा अंक उघडला आणि रोज रात्री एकच दिवस पुढं जायचं ठरवलं. शेवट माहीत असूनसुद्धा. मजा ह्यात आहे की पेपरवाल्याला शेवट माहीत नाही. तो बिचारा रोजच्या रोज लिहितोय, सभांचे वृत्तांत, उमेदवारांच्या जाहिराती, संपादकांना पत्रं, आणि मी इथं सव्वाशे वर्षांनी आवळा सुपारी चघळत बसलोय आणि मला माहीत आहे की ह्यातले तिघं घरी जाणार. चौथ्या पाचव्या रात्री तर मला विल्सनची काळजी वाटायला लागली. ही म्हणाली, "एवढी काळजी आपल्या वॉर्डाच्या नळाची केली असती तर."

हा कायदा आला कुठनं ते पण मी मग शोधलं. मूळ इंग्लंडचं. राजाला पार्लमेंटातली माणसं आपल्याकडं ओढायची असली की तो त्यांना पगाराची पदं देत होता, म्हणजे लोकांनी निवडून दिलेला माणूस राजाचा नोकर होणार. त्यावर आधी असा विचार झाला की पद घेतलेल्याला पार्लमेंटात बसूच द्यायचं नाही, पण मग मंत्री कुणाला करणार? शेवटी १७०७ च्या कायद्यात मधला मार्ग निघाला, पद घेतलंस तर जागा गेली, पण परत उभा राहू शकतोस, लोकांना चालत असेल तर ते परत पाठवतील. हे इंग्लंडातनं वसाहतींत गेलं, कॅनडा, ऑस्ट्रेलिया सगळीकडं. न्यू साउथ वेल्सनं १९०६ ला काढून टाकलं, इंग्लंडनं १९१९ ला सैल केलं आणि १९२६ ला बंद, पण पश्चिम ऑस्ट्रेलियात ते १९४७ पर्यंत चालू होतं. १९४७! इकडं आपला देश स्वतंत्र होतोय तेव्हा तिकडं ते कलम पुसतायत.

आणि ह्यात पडलेला सगळ्यात मोठा माणूस कोण माहिती आहे? चर्चिल. १९०८ ला मँचेस्टरचा खासदार, व्यापार खात्याचा मंत्री केला, परत निवडून यायला गेला आणि ४२९ मतांनी आपटला. पंधरा दिवसांत डंडीला जाऊन तिथनं निवडून आला ते वेगळं. साडूंना हे सांगितलं तर ते म्हणाले, "४२९? ती ग्रामपंचायतीची लीड झाली."

कॅनडाची गोष्ट ट्रोव्हवरची नाही, इकडं तिकडं वाचली, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही कारण आपल्या भागातल्या माणसाला ती बरोबर कळेल. १८५८ साल, भांडण राजधानीवरून. राणीनं ओटावा निवडलं आणि तिथल्या विधानसभेनं ओटावा नको म्हणून मत दिलं. (आपल्याला हलगा आणि सुवर्णसौध, म्हणजे बेळगावातली कर्नाटक विधानसभेची दुसरी इमारत, आठवणारच, त्याला काय इलाज नाही.) मॅकडोनल्ड आणि कार्टिए ह्यांच्या सरकारनं राजीनामा दिला. विरोधी पक्षाचा जॉर्ज ब्राउन, स्वतः पेपरवाला माणूस, २ ऑगस्टला सरकारात बसला. बसला त्या क्षणी त्याची आणि त्याच्या मंत्र्यांची आमदारकी गेली, कारण तोच कायदा! म्हणजे सभागृहात मतदान होताना ह्यांची मुख्य माणसंच आत नाहीत. सरकार दोन दिवसांत गेलं. आता मॅकडोनल्ड मंडळी परत आली, त्यांनी पण खरं तर पोटनिवडणुका लढवायला पाहिजे होत्या. पण कायद्यात एक फट होती, राजीनामा दिलेला मंत्री महिन्याच्या आत दुसरं खातं घेत असेल तर परत निवडणूक नको. मग ६ ऑगस्टला सगळ्यांनी भलतीच खाती घेतली, मॅकडोनल्ड पोस्टखात्याचे मंत्री झाले, आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या जुन्या खात्यावर परत. दोनदा पत्ते पिसले, निवडणूक एक पण नाही. ब्राउन मात्र बिचारा टोरांटोत पोटनिवडणूक लढवून परत निवडून आला, मंत्रिपद गेल्यावर. हेच मॅकडोनल्ड पुढं कॅनडाचे पहिले पंतप्रधान झाले, झालंच असणार की.

हे ऐकल्यावर साडू दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, "पोस्टमास्तर करून वाचला होय." त्यांना ते एवढं आवडलं की अथणीला जाऊन किती जणांना सांगितलं असेल देव जाणे.

आपल्याकडं इंग्रजांनी हा नियम आणलाच नाही, उलटा आणला. १९१९ चा कायदा, जो मुंबई इलाख्याला म्हणजे आपल्या बेळगावाला पण लागू होता कारण आपण १९५६ पर्यंत तिकडंच, त्यात असं की मंत्री आधी करा, पण निवडून आलेला मेंबर नसेल तर सहा महिन्यांच्या वर राहता येणार नाही. तेच १९३५ च्या कायद्यात, आणि तेच राज्यघटनेच्या १६४ व्या कलमात. म्हणून १९३७ ला आपले अण्णासाहेब लठ्ठे मुंबईच्या खेर मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले तेव्हा त्यांना काय बेळगावला येऊन परत मतं मागावी लागली नाहीत. आणि सवदींना सहा महिने मिळाले ते पण त्याच धाग्यानं. साडूंचं म्हणणं अर्धं खरं निघालं म्हणायचं, गाठ आहे, फक्त ती अथणीत नाही बांधलेली.

आता साइटच्या अडचणी. मशीननं वाचलेला मजकूर म्हणजे ओसीआर, आणि सव्वाशे वर्षांची शाई, त्यामुळं इंग्रजी इ चं सी होणं, दोन कॉलमच्या ओळी एकमेकांत जाणं हे चालायचंच. माणसाचं नाव शोधताय आणि सापडत नाही तर नाव चुकीचं वाचलं गेलंय असं समजून गावाच्या नावानं शोधा. मोबाइलवर वाचायच्या भानगडीत पडू नका, डोळे जातील, लॅपटॉप नाहीतर टॅब पाहिजे. आणि बहुतेक पेपर १९५४ पर्यंतचेच आहेत, नंतरचं कॉपीराइटमुळं फारसं नाही, आपल्याला तिकडची १९९० ची क्रिकेट मॅच वाचायची असेल तर ही जागा नव्हे. सगळं इंग्रजीत, आणि ते पण जुन्या वळणाचं, एक वाक्य अर्ध्या कॉलमचं. मी शेजारी डिक्शनरी ठेवून बसत होतो, आता लागत नाही.

पान पीडीएफ करून घेता येतंय. मी एक पान मोठ्या कागदावर प्रिंट काढायला शहरातल्या एका झेरॉक्सवाल्याकडं दिलं (नाव घेत नाही, रोज तोंड बघायचंय), त्यानं डावीकडचा अख्खा कॉलम कापून दिला आणि वर चाळीस रुपये. म्हटलं, अहो निकालच कापलाय की. तर म्हणतोय, काका जुनाच पेपर आहे, कोण वाचणार.

हे वाचून मला उचकी लागली ती वेगळ्याच गोष्टीसाठी. आपल्याकडं १९१९ पासून तरुण भारत निघतोय, बाबूराव ठाकुरांनी काढलेला, त्याआधीचे पेपर वेगळे. १९२४ ला गांधीजी अध्यक्ष असलेलं काँग्रेसचं अधिवेशन ह्याच गावात झालं. १९५६ ची १ नोव्हेंबर, आपण म्हैसूर राज्यात गेलो ती तारीख, त्या दिवसाचा पेपर मला असाच रोज एक रात्र पुढं जात वाचायचाय, लिहिणाऱ्याला पुढचं माहीत नसताना तो काय लिहीत होता ते. त्यासाठी मी एका ठिकाणी गेलो होतो, जिथं जुन्या फायली आहेत असं ऐकलं होतं. कपाटाची किल्ली ज्यांच्याकडं ते रजेवर, नंतर गेलो तर किल्ली आहे पण ते कपाट नव्हे, तिसऱ्यांदा गेलो तर कशाला पाहिजे ते अर्जात लिहून द्या. वाचायला पाहिजे असं लिहिलं. ते कारण चालत नाही म्हणे. पर्थचा १९०१ चा पेपर चटईवर, आणि आपला १९५६ चा कपाटात.

असो. पाचपैकी साडेचार देतो, अर्धा तो बारीक टाइपासाठी कापला, त्यात त्यांची चूक नाही पण डोळे माझे.

एक सांगायचं राहिलं. ह्या साइटवर मशीननं चुकीचं वाचलेलं कुणीही दुरुस्त करू शकतो. मजकुराची ओळ उघडायची, शेजारी स्कॅन बघायचं, बरोबर टाइप करायचं, सेव्ह. हजारो लोक बसून करतात म्हणे. मी डीटीपीवाला, प्रूफ बघायची जन्माची खोड, मी कसला सोडतोय. गेल्या रविवारी साडू कुंदा घेऊन आले तेव्हा मी मॉर्गन्सच्या मंत्र्यांच्या बातमीतल्या ओळी सरळ करत बसलेलो. ते मागं उभं राहून चष्मा कपाळावर घेऊन बराच वेळ बघत होते.

"काय करालाय हे?"

"चुका काढतोय. ह्या बघा, ह्या ओळीत पर्थचं स्पेलिंग चुकलंय, ते नीट करायचं."

"ओळीला किती देतात?"

"काही नाही."

"काहीच नाही?" साडूंनी कुंद्याचा डबा टेबलावर ठेवला. "मग त्यापेक्षा इलेक्शन ड्युटी बरी की ओ. निदान भत्ता तरी देतात." आणि खुर्ची ओढून शेजारी बसले आणि म्हणाले, "सरका जरा. ते वरचं पण चुकलंय बघा, तिसरी ओळ."